१,२३,४५,६७,८९० चे विभाजक किती?

प्रश्न : १ ते ९ आणि शेवटी ० असे अंक ओळीने लिहिले की १,२३,४५,६७,८९० ही संख्या तयार होते. तिला ९० ने भागलं, तर भागाकार १,३७,१७,४२१ आला. याला १०० च्या आतल्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. मग ही मूळ संख्याच समजायची का? आणि सुरुवातीच्या दहा अंकी संख्येला एकूण विभाजक किती?

उत्तर : नाही, मूळ समजू नका. एखादी संख्या मूळ आहे असं म्हणायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. इथे वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे आहे. १०० च्या आत मूळ संख्या २५ च आहेत, आणि हिला पहिल्यांदा भाग जातो तो ५०४ व्या मूळ संख्येने!

एवढे भागाकार टाळायचे असतील, तर फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची पद्धत वापरा. वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्यायचा, त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं. नसेल तर पूर्णांक एकाने वाढवायचा.

३७०४² − १,३७,१७,४२१ = २१९५. शेवटी ५ असलेला पूर्ण वर्ग २५ नेच संपतो, म्हणून हा बाद.
३७०५² − १,३७,१७,४२१ = ९६०४ = ९८².

दुसऱ्याच पायरीला काम झालं. अ² − ब² = (अ − ब)(अ + ब), म्हणून दोन अवयव लगेच मिळतात: ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. हे दोन्ही मूळ आहेत का, हे तपासायला अनुक्रमे ५९ आणि ६१ पर्यंत भागून पाहिलं की पुरे. दोन्ही मूळच आहेत.

म्हणजे १,२३,४५,६७,८९० = २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करायचा: २ × ३ × २ × २ × २ = ४८. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पाच वेगळे मूळ अवयव दिसले की २⁵ = ३२ लिहून मोकळं होणं. विभाजकात ३ एकदाही नसेल, एकदा असेल किंवा दोनदा असेल. असे तीन पर्याय आहेत, दोन नाहीत. सगळ्या विभाजकांची बेरीज ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४ = ३,२१,१६,१०,६८८; यातला १३ म्हणजे १ + ३ + ९.

जाता जाता: ० ते ९ हे दहा अंक कोणत्याही क्रमाने मांडा, त्यांची बेरीज ४५ च राहते. त्यामुळे ९ ने भाग जातोच आणि अशी मांडणी कधीच मूळ संख्या होत नाही.

प्रश्न : मग फर्माची पद्धतच नेहमी का वापरू नये?

उत्तर : दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती झटपट चालते. वर त्यांच्यात फक्त १९६ चा फरक होता. तेवढ्याच मोठ्या संख्येचा एक अवयव ७ आणि दुसरा साडेएकोणीस लाखांच्या आसपासचा मूळ असता, तर याच पद्धतीला नऊ लाखांहून जास्त पायऱ्या लागल्या असत्या. तेव्हा आधी लहान मूळ संख्यांनी भागून पाहा, तुम्ही केलंत तसंच, आणि मगच वर्गांकडे वळा.