जळगावकडे काळ्या मातीत २ मीटर खोल गटाराचा चर खणलाय, भिंती टणक दिसतात. आधाराशिवाय माणूस उतरवू का?

नाही, अजिबात उतरवू नका. खोदकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आयएस ३७६४ प्रमाणे मातीतला चर १.५ मीटरपेक्षा खोल गेला की फळ्या आणि आडवे टेकू लागतातच. आपल्याकडची कपाशीची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पण भेगा आत खोलवर गेलेल्या असतात. चर अशा भेगेला समांतर आला की भिंतीचा अख्खा तुकडा एकदम सुटतो. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते. डोकं बाहेर राहिलं तरी छाती दबलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. काठाला समांतर केसाएवढी चीर दिसली तरी आधी माणूस वर घ्या, मग बाकीचं बघा.

- उपसलेली माती काठापासून किमान १.५ मीटर लांब टाका, जेसीबीही दूर ठेवा.
- दर १५ मीटरला एक शिडी, काठाच्या वर १ मीटर निघालेली.
- टेकू वरून खाली लावत जा, काढताना खालून वर.

जागा मोकळी असेल तर फळ्यांऐवजी भिंतींना पुरेसा उतार दिला तरी चालतं. खाली घट्ट मुरूम लागला म्हणून वरचा काळा थर मात्र उघडा सोडू नका, आणि पाऊस झाला की पुन्हा तपासल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका.