आयर्लंड आणि ब्रिटन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आयर्लंडचा दुष्काळ बटाट्याच्या रोगामुळे पडला. मग त्याचं खापर ब्रिटिशांवर का फुटतं?

करपा ब्रिटिशांनी आणला नव्हता, हे खरंच. १८४५ साली तो आला आणि पुढच्या हंगामात जवळजवळ सगळं पीक शेतातच कुजलं. पण धान्य, लोणी आणि जनावरं घेऊन जहाजं इंग्लंडला जातच राहिली, कारण कुळांचा खंड त्यातून भागायचा. बटाटा हे फक्त त्यांच्या ताटातलं अन्न होतं. मदतीच्या तिजोरीची किल्ली ब्रिटिश अर्थखात्यातले अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्याकडे होती आणि बाजारात सरकारने हात घालू नये, हा त्यांचा हट्ट. (हेच गृहस्थ १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर झाले.) १८४७ च्या कायद्यातली एकच अट बघा : पाव एकरापेक्षा, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांपेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही. पोटाला हवं असेल तर आधी रान सोडा! सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देशोधडीला लागली. अमेरिकेला गेलेल्यांनी राग सोबत नेला. पुढच्या बंडांना पैसा तिकडूनच यायचा.

प्रश्न : ब्रिटिश राजवटीविरुद्ध डब्लिनमध्ये झालेला १९१६ चा ईस्टरचा सशस्त्र उठाव सहा दिवसांत मोडला. तरी त्याला एवढं महत्त्व कशाला?

मोडला, आणि लाजिरवाण्या रीतीने मोडला. सुमारे ४८५ माणसं मेली, त्यात निम्म्याहून जास्त सामान्य नागरिक. डब्लिनचा मध्यभाग बेचिराख झाला. कैद्यांना नेताना रस्त्यारस्त्यात लोकांनी शिव्या घातल्या. अनेक घरांतली मुलं तेव्हा ब्रिटिश फौजेतून फ्रान्समध्ये लढत होती, त्यांना हे बंड म्हणजे पाठीत सुरा वाटला.

डाव फिरवला तो ब्रिटिश फौजेचे सेनापती जनरल मॅक्सवेल यांनी. बंद दाराआड खटले आणि ३ ते १२ मेपर्यंत थोड्याथोड्यांना गोळ्या. एकूण १५ जण. उठावाच्या नेत्यांपैकी जोसेफ प्लंकेटचं डब्लिनच्या किलमेनहम तुरुंगाच्या प्रार्थनागृहात रात्री लग्न लागलं आणि पहाटे त्याला मारलं. दुसरा नेता जेम्स कॉनोली घोट्याच्या जखमेने उभा राहू शकत नव्हता, म्हणून त्याला खुर्चीत बसवून गोळ्या घातल्या. एका दिवसात सगळं उरकलं असतं तर कदाचित लोक विसरलेही असते, पण रोज सकाळी नवी नावं ऐकून शहराचं मन पालटत गेलं. १९१८ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा घेतल्या. निवडून आलेले लंडनला गेलेच नाहीत. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली.

प्रश्न : आयरिश बंडखोरांचा नेता मायकेल कॉलिन्सने ब्रिटनशी लढाई थांबवताना केलेल्या १९२१ च्या तहात देशाची फाळणी मान्य केली, म्हणूनच यादवी झाली ना?

हा घोळ फार जणांचा होतो. फाळणी, म्हणजे उत्तर आयर्लंड वेगळा काढणं, १९२० च्या ब्रिटिश कायद्यानेच झाली होती आणि तिथली बेलफास्टची संसद तहाआधीच सुरू झाली होती. डब्लिनमध्ये तहावर जी खडाजंगी झाली ती मुख्यतः राजाशी निष्ठेच्या शपथेवरून. तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी कसाबसा पास झाला आणि कालचे सोबती एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. ऑगस्ट १९२२ मध्ये कॉलिन्स मारला गेला तो आयरिश माणसांच्याच गोळीने.

प्रश्न : उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या १९७२ च्या गोळीबाराची माफी ब्रिटनने मागितली का?

मागितली, २०१० साली. ३० जानेवारी १९७२ ला मोर्च्यावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, १३ जण त्याच दिवशी गेले. त्याच वर्षीच्या चौकशीने सैनिकांना जवळपास मोकळं सोडलं. ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेला भरतीसाठी याहून मोठी जाहिरात कुठली हवी होती? नव्या चौकशीने मृत निर्दोष ठरवले तेव्हा ३८ वर्षं उलटली होती.

प्रश्न : टिळकांच्या होमरूल लीगचा याच्याशी संबंध आहे का?

नाव थेट आयर्लंडचंच, पण मार्ग तिथल्या मवाळांचा : सनदशीर स्वराज्य, बंदूक नाही. आणि तारीख बघा. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावात लीग स्थापन झाली, त्याच दिवशी डब्लिनमध्ये ईस्टरचे बंडवाले त्यांचं ठाणं असलेल्या जळत्या पोस्ट ऑफिसातून बाहेर पडत होते.