भाषण नको, कलम वाचा

प्रश्न : आम्ही मूळचे अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर), आता अमेरिकेचे नागरिक. समलिंगी विवाह आणि धर्मस्वातंत्र्य यांवरून आमच्या चर्चच्या मंडळीत दोन तट पडलेत. उमेदवार पारखायचा कसा?

उत्तर : त्याने आधी कशाला मत दिलंय ते बघा. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संकेतस्थळावर विधेयकाचं नाव टाकलं की त्याचा मसुदा आणि मतदानाची नोंद दोन्ही सापडतात. नुसत्या मथळ्यांवर गेलात तर फसाल. २०२२ चा विवाह सन्मान कायदा समलिंगी विवाहांना केंद्राची मान्यता देतो. पण चर्चवर असा विवाह लावण्याची सक्ती नाही, हे त्याच्याच कलम ६ मध्ये आहे. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, तो ६१ विरुद्ध ३६ मतांनी संमत झाला. समलिंगींशी भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या २०२१ च्या समानता विधेयकात मात्र १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा आधार घेण्याची वाट बंद केली होती. ते सिनेटमध्ये अडकलं. त्यामुळे पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' म्हणण्यात विसंगती नाही.

राज्याच्या निवडणुकीकडे दुर्लक्ष नको. समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करायला नकार देणाऱ्या केकवाल्याचा गाजलेला खटला, ज्याचा निकाल २०१८ मध्ये लागला, कोलोरॅडो राज्याच्याच कायद्यातून उभा राहिला होता.

आणि चर्चा करताना आवाज जपा. त्याच बाकावर एखादा समलिंगी तरुण गप्प बसून सगळं ऐकत असेल.