चित्रात माथेफिरू दाखवला की त्या भागाची बदनामी होते का?

लोकांना तसं वाटतं खरं. अमेरिकेत कॅन्ससच्या विधानभवनात जॉन स्ट्युअर्ट करी या चित्रकाराने गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन रंगवला. एका हातात बायबल, दुसऱ्यात बंदूक, दाढी वाऱ्यावर, मागे चक्रीवादळ आणि वणवा. लोक भडकले: आमचं राज्य म्हणजे माथेफिरू नि वादळं, एवढंच का? शेजारच्या चित्रातल्या डुकरांच्या शेपट्यांवरूनही कुरकुर झाली! करीने सही न करताच काम सोडलं. १९९२ मध्ये विधिमंडळाने माफी मागितली, पण तो १९४६ मध्येच गेला होता.

मी ठाणेकर. मनोरुग्णालयामुळे ‘याला ठाण्याला न्या’ हे लहानपणापासून ऐकतोय. परवा मामलेदार मिसळ खाता खाता पाहुण्यांनीही तेच ऐकवलं. मी आणखी एक पाव मागवला.