मराठी साइट बनवताय? आधी एवढं करून घ्या

पहिलीच साइट मराठीत करतोयस, छान. पण सुरुवातीलाच एचटीएमएल टॅगच्या लँगमध्ये, म्हणजे पानाची भाषा सांगायच्या जागी, 'एमआर' (मराठी) लिही. बरेच जण टेम्प्लेटमधलं 'ईएन' (इंग्रजी) तसंच ठेवतात. 'एमआर' दिलं आणि फॉन्टमध्ये सोय असली, की पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप मराठी वळणाचे येतात. कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ठेव आणि ते पानाच्या हेडमध्ये अगदी वर लिही. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर त्यातही यूटीएफ८एमबी४ हाच प्रकार घे. जुन्या ३ बाइटवाल्या प्रकारात मराठी बसतं, पण कुणी इमोजी टाकला की अडतं.

पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) मराठीला लावू नकोस, शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) मात्र सढळ ठेव, मी १.७ च्या आसपास ठेवतो. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो.

सगळ्यात जपायचं ते अक्षरं मोजताना. मी एका फॉर्ममध्ये नावाला १० ची मर्यादा घातली होती. 'ज्ञानेश्वरी' डोळ्यांना ४ अक्षरं दिसतात, पण जावास्क्रिप्टमध्ये लेंग्थ (लांबी) येते ११, कारण काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. शेवटची वेलांटी गळली आणि मुलीचं नाव 'ज्ञानेश्वर' म्हणून नोंदलं गेलं. तिच्या आईचा फोन आला तेव्हा मला कळलं. तेव्हापासून मी नावाच्या रकान्याला १०० च्या खाली मर्यादा देत नाही, आणि चाचणीला 'टेस्ट' न टाकता जोडाक्षरांची खरी नावं टाकतो.

आणि हो, कोडचे बदल नोंदवायला गिट वापरत असशील, तर पासवर्डची एन्व्ह फाइल पहिल्या कमिटच्या (नोंदीच्या) आधीच गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाक. एकदा कमिट झाली की नंतर डिलीट करूनही ती इतिहासात राहते, मग सरळ पासवर्डच बदलायचा.