अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीत जुनी अटक सांगायची का?

हो, सांगायचीच. "केस तर रद्द झाली" हा विचार आधी डोक्यातून काढा. अमेरिकन नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात कधीही अटक झाली होती का, असं विचारतात. आरोप मागे घेतले असले, कोर्टाने रेकॉर्ड सील केलं असलं, तरी उत्तर 'हो'च. बोटांचे ठसे एफबीआयकडे तपासले जातात. शिवाय मुलाखत शपथेवर असते, तिथलं खोटं किरकोळ अटकेपेक्षा फार महागात पडतं. कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत आत्ताच मागवा, जुनी फाईल सापडायला वेळ लागतो. आणि कळकळीने सांगतो, अर्ज पाठवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवा. काही गुन्ह्यांत नुसता नकार मिळत नाही, देशाबाहेर काढण्याची कारवाईही सुरू होऊ शकते.