पायरी नदीने कापली की फॉल्टने?

प्रश्न : मे महिन्यात काश्मीरला गेलो होतो. पांपोरला केशराच्या पठारावर ड्रायव्हर म्हणाला इथे पूर्वी तळं होतं आणि या खोऱ्यात फॉल्टपण आहेत. मी लातूरचा, ९३ चा भूकंप बघितलेला, त्यामुळे तो शब्द ऐकला की कान टवकारतातच. पण तिथे सगळी मातीच माती, भेग कुठेच नाही. मग फॉल्ट शोधतात कसा, आणि तो जिवंत आहे हे कसं कळतं?

उत्तर : ड्रायव्हर बरोबर बोलला. फॉल्ट म्हणजे खडकातला असा तडा, ज्याच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात. ती पठारं म्हणजे करेवा, जुन्या तळ्यात साचलेला गाळ, काही ठिकाणी हजार मीटरच्या वर जाड, आणि वर वाऱ्याने आणून टाकलेली पिवळी माती. भेग शोधायला जाऊच नका, अशा मातीत ती दोन पावसाळ्यांत बुजते. शोधायची ती पायरी, म्हणजे फॉल्टची एक बाजू उचलली गेल्याने जमिनीवर राहिलेला उठाव.

आधी सॅटेलाइटचे फोटो आणि उंचीचे नकाशे घेऊन बसायचं. सपाट पठारावर एक सरळ उठाव दिसतो, ओढे एकाच रेषेवर वळतात, मग आपण खूश होतो, आणि इथेच बरेच जण फसतात (मीपण फसलोय). कारण पायऱ्या नदीसुद्धा कापते, करेवाच्या चिकणमातीत दरडी घसरूनही होतात, आणि शेतकऱ्याचे बांध तर आहेतच. नदीची पायरी नदीच्या कडेने जाते. फॉल्टची पायरी नदीला न जुमानता आडवी जाते, आणि खरी गंमत म्हणजे जुन्या पूरमैदानावर ती उंच असते, नव्यावर बुटकी. म्हणजे एकदाच नाही, पुन्हापुन्हा हललंय.

मग तिथे जेसीबीने चर खणायचा. भिंत खुरप्याने तासून साफ करायची, खिळे ठोकून दोऱ्याने एकेक मीटरचे चौकोन पाडायचे आणि थर हाताने कागदावर उतरवायचे. मातीचा पट्टा सरळ येतो येतो आणि अचानक तुटून दुसऱ्या उंचीवर सुरू होतो, ते बघताना अंगावर काटा येतो. सगळ्यात वरचा तुटलेला थर आणि त्याच्यावरचा अखंड थर, भूकंप या दोघांच्या मधला. वय काढायला कोळशाचा कण चालतो, नाहीतर स्टीलचा पाइप भिंतीत ठोकून अंधारातच माती काढायची, कारण त्या वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं तेच मोजायचं असतं, उजेड लागला की सँपल गेलं. गेल्या साधारण ११,७०० वर्षांत हलला असेल तर जिवंतच धरतात, काही जण त्याहून मागे जातात. शोपियांकडचा बालापूर फॉल्ट असाच पायऱ्या आणि चर बघून अभ्यासलाय.

एवढा खटाटोप कशाला? ८ ऑक्टोबर २००५ ला मुझफ्फराबादकडे ७.६ चा भूकंप झाला, जमीन सुमारे ७० किलोमीटर फाटली, आणि त्यातले बरेच तुकडे नाकाता या जपानी संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई फोटोंवरून आधीच नकाशावर आणलेले होते. रेषा होती, पण घरं तशीच बांधली गेली.

किल्लारीचं वेगळं. तिथे असे भूकंप इतक्या लांबच्या अंतराने होतात की पायरी उभी राहायच्या आत पाऊस आणि नांगर ती पुसून टाकतात.

आणि हो, फॉल्टचा नकाशा हातात आला तर रेषा नीट बघा. सलग असेल तर जागा पक्की ठरलेली, तुटक असेल तर अंदाज, ठिपक्यांची असेल तर तो गाळाखाली लपलाय.